पुन्हा उभे राहिलेले यंत्र

घरात नवी वस्तू आली, की जुनी माळ्यावर जाते. आणि माळा भरला, की ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. जगाची रीतच अशी आहे. यंत्रांच्या बाबतीत तर ती अधिकच निष्ठुर आहे. कारण कालचे यंत्र आज मंद ठरते आणि आजचे उद्या. परंतु काही माणसांना अशा टाकून दिलेल्या यंत्रांचाच लळा लागतो. पहिले संगणक आणि जुन्या टेलिफोन केंद्रांतील खटखटणारी यंत्रे हीच त्यांची दौलत. लोक त्यांना छांदिष्ट म्हणतात. अशा छांदिष्टांनी इंग्लंडमध्ये एक नाहीसे झालेले यंत्र पुन्हा कसे उभे केले, त्याची ही हकीकत आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे वरिष्ठ सेनाधिकारी आपले संदेश लॉरेन्झ नावाच्या यंत्राने गुप्त लिपीत रूपांतरित करून पाठवीत. त्या यंत्राला बारा चाके असत. ती कोणत्या स्थितीत ठेवून संदेश पाठविला आहे, हे कळल्यावाचून संदेशाचा अर्थ लागत नसे. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे गणितज्ञ ही चाकांची स्थिती शोधण्याच्या खटपटीत होते. हाताने हे काम करण्यास फार वेळ लागे. आणि युद्धात उशिरा समजलेली बातमी न समजल्यासारखीच असते. म्हणून त्यांनी एक यंत्र तयार करवून घेतले. त्यात भोके पाडलेल्या दोन कागदी फिती अतिवेगाने एकमेकींच्या जोडीने धावत. परंतु त्या ताणत, फाटत आणि त्यांची जोडी चुके.

या अडचणीवर टॉमी फ्लॉवर्स यांनी उपाय काढला. १९०५ साली लंडनमध्ये एका गवंड्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात अभियंता होते. त्या काळी इंग्लंडमधील टेलिफोनचा कारभार टपाल खात्याकडेच असे. टेलिफोन केंद्रात एका घरची तार दुसऱ्या घरच्या तारेशी जोडावी लागते. हे काम पूर्वी स्ट्राउजर पद्धतीच्या यंत्रांनी होई. तबकडी फिरविली, की एकेका अंकासरशी यंत्राचा दांडा टप्प्याटप्प्याने सरके आणि नेमक्या तारेपाशी थांबे. हेच काम काचेच्या निर्वात नळ्यांनी, म्हणजे व्हॉल्व्हने, कितीतरी अधिक वेगाने करता येईल, याचे प्रयोग फ्लॉवर्स यांनी युद्धापूर्वीच केले होते.

दोन फितींपैकी एकीचे काम व्हॉल्व्हवर सोपवावे, असे त्यांनी सुचविले. पण त्यासाठी हजारांहून अधिक व्हॉल्व्ह लागणार होते. ‘इतके व्हॉल्व्ह एकाच यंत्रात! त्यांतला एखादा सारखा बिघडत राहील,’ अशी जाणत्यांना शंका आली. फ्लॉवर्स यांचा अनुभव मात्र निराळा होता. जुन्या पद्धतीचा विजेचा दिवा पुष्कळदा बटण दाबताक्षणीच जातो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. तो सारखा चालू-बंद केला, तर लवकर बिघडतो. चालूच ठेवला, तर दीर्घकाळ टिकतो. टेलिफोन केंद्रात शिकलेला हा साधा धडा येथे कामी आला. सुमारे अकरा महिन्यांच्या परिश्रमांनंतर, १९४३ च्या अखेरीस, यंत्र तयार झाले. त्यात सुमारे १६०० व्हॉल्व्ह होते आणि ते फितीवरील ५००० अक्षरे एका सेकंदात वाची. त्याच्या प्रचंड आकारामुळे त्याला ‘कोलोसस’, म्हणजे महाकाय, असे नाव मिळाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याने पहिला खरा संदेश हाताळला. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे कामास लागली होती.

युद्ध संपले आणि यंत्रे मोडण्याचा हुकूम सुटला. दोन यंत्रे काही वर्षे गुप्तपणे वापरात राहिली. पुढे तीही मोडली गेली. आपल्याजवळचे आराखडे फ्लॉवर्स यांनी आज्ञेप्रमाणे स्वतः भट्टीत टाकले. सरकारने त्यांना १००० पौंडांचे पारितोषिक दिले; त्यातील बरीच रक्कम त्यांनी सहकाऱ्यांत वाटून टाकली. मात्र आपण काय केले, हे त्यांना कोणालाही सांगता येईना. पुढे इतरांनी संगणक बांधले, त्यांची नावे पुस्तकांत आली. फ्लॉवर्स मात्र मुकाट्याने टेलिफोनच्या कामात गढून गेले. कोलोससची काही छायाचित्रे सरकारने प्रसिद्ध केली, ती १९७५ साली. तोवर तीस वर्षे लोटली होती.

१९९३ साली टोनी सेल या गृहस्थांनी कोलोसस पुन्हा बांधण्याचे मनावर घेतले. तरुणपणी त्यांनी मोडीत निघालेल्या एका बाँबफेकी विमानाच्या पत्र्यांतून यंत्रमानव बनविला होता. जुने संगणक दुरुस्त करून चालते करण्याचा त्यांना नाद होता. परंतु येथे दुरुस्त करण्यास यंत्रच उरले नव्हते. हाती होती १९४५ मधील आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जपून ठेवलेले आकृत्यांचे तुकडे. सेल यांनी छायाचित्रांवरून मापे काढली आणि वृद्ध अभियंत्यांना गाठून त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. फीत वाचणारा भाग ज्या अरनॉल्ड लिंच यांनी मुळात रचला होता, त्यांनीच तो पुन्हा रचण्यास साहाय्य केले. योगायोग असा, की त्याच सुमारास इंग्लंडमधील जुनी टेलिफोन केंद्रे मोडीत निघत होती. स्ट्राउजर पद्धतीचे शेवटचे केंद्र १९९५ साली बंद झाले. भंगारात निघालेल्या त्या सामानातून कोलोससला हवे असलेले सुटे भाग मिळाले.

६ जून १९९६ रोजी यंत्र प्रथम सर्वांसमोर सुरू करण्यात आले. नव्वद वर्षांचे फ्लॉवर्स तेथे उपस्थित होते. जे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी निर्माण केले आणि ज्याचे कागद स्वतःच्या हाताने जाळले, ते त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा धडधडू लागले. दोन वर्षांनी ते निवर्तले.

यंत्राचे काम २००७ साली पूर्ण झाले. त्या वर्षी जर्मनीहून लॉरेन्झ यंत्राने गुप्त संदेश पाठवून एक स्पर्धा घेण्यात आली. आधुनिक संगणक वापरणाऱ्या एका जर्मन स्पर्धकाने ती जिंकली. कोलोससला त्या कामास ३ तास ३५ मिनिटे लागली. जुने यंत्र हरले, यात नवल नाही. पण ते हरण्याकरिता का होईना, चालत होते!

मुलांनो, छांदिष्टांचा हा खटाटोप निरर्थक म्हणावा काय? कोणते यंत्र कसे चालले, हे सारेच कागदावर उतरत नाही. पुष्कळसे ज्ञान कारागिराच्या हातात असते आणि त्याच्याबरोबरच जाते. सेल यांनी आणखी दहा वर्षे उशीर केला असता, तर विचारण्यास कोण उरले असते? जुन्या यंत्राचे जतन म्हणजे ते घडविणाऱ्यांच्या श्रमांची कृतज्ञ नोंद होय. फ्लॉवर्स यांना स्वतःच्या तोंडाने जे सांगता आले नाही, ते हे यंत्र आज ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आहे.

स्वाध्याय

१. व्हॉल्व्हविषयी जाणत्यांना कोणती शंका होती? फ्लॉवर्स यांना ती का वाटली नाही?
२. कोलोसस पुन्हा बांधताना सेल यांना कोणकोणत्या गोष्टींचा आधार मिळाला?
३. ‘पण ते हरण्याकरिता का होईना, चालत होते!’ या वाक्याचा भावार्थ सांगा.
४. तुमच्या घरातील वापरात नसलेल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती कशी वापरीत, हे दहा ओळींत लिहा.