पोकेमॉन फायररेड: पनवेलकर खेळाडूंशी बोलताना

पोकेमॉन फायररेड हा पोकेमॉन नावाचे प्राणी पकडण्याचा आणि लढवण्याचा खेळ जपानमध्ये जानेवारी २००४ मध्ये आला, गेमबॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी. ते यंत्र मी पनवेलमध्ये कुणाच्याही हातात पाहिलेलं नाही. तरीही आज पंचविशी-तिशीत असलेल्या इथल्या कितीतरी जणांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळलाय. आधी घरच्या किंवा सायबर कॅफेतल्या कम्प्युटरवर, पुढे मोबाइलवर. २००३ पासून कार्टून नेटवर्कवरच्या पोकेमॉन मालिकेने पिकाचू घराघरात पोचवला होताच. आणि खेळाबद्दल बोलायला वेळही असायचा: हार्बर मार्गाची लोकल गाडी पनवेलहूनच सुटत असल्यामुळे आम्हाला बसायला जागा मिळायची. सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त वेळ हाताशी. फायररेडवरची सगळ्यात चांगली चर्चा मी त्या गाडीतच ऐकली आहे. अजूनही कुणी हा खेळ खेळल्याचं कळलं की मी थांबून विचारते. त्यातून जे कळत गेलं, ते लिहिते.

१. आधी विचारावं: कशावर खेळलास?

एक मित्र सांगायचा, हा गेम एकदम फास्ट आहे, कंटाळा येतच नाही. एका मैत्रिणीचं म्हणणं, लढाया संपता संपत नाहीत. दोघंही खरंच बोलत होते. मित्र इम्युलेटरवर खेळला होता, म्हणजे कम्प्युटरला गेमबॉयचं सोंग घ्यायला लावणाऱ्या प्रोग्रॅमवर. त्याचा अंगठा कायम स्पेसबारवर असायचा, कारण ते बटण दाबून धरलं की खेळ कितीतरी पटीने पळतो. मैत्रिणीच्या फोनवर तो मूळ गतीने चालायचा.

फरक फक्त वेळेचा नाही. या खेळात लॅव्हेंडर टाउन नावाचं एक गाव आहे. तिथल्या मनोऱ्यात मेलेल्या पोकेमॉनच्या समाध्या आहेत, आणि गावात शिरताच धून बदलते. मैत्रिणीला ते गाव, ती धून, तिथला शोक सगळं लख्ख आठवतं. मित्राला आठवतो तो फक्त मनोऱ्यातला जिना. पळवलेल्या खेळात ती धून त्याच्या कानावर धड पडलीच नव्हती. माझ्या मते हा खेळ मूळ गतीनेच खेळावा. त्याचा अर्धा जीव चालण्यात आणि थांबण्यात आहे.

२. आमच्या ‘जुन्या खेळां’त लांबलचक गोष्टीच्या खेळांचा हा प्रकार का नव्हता, त्याचं कारण लक्षात घ्यावं

जपानी मुलांच्या लहानपणात ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) आणि फायनल फँटसी (१९८७) होते. दिवसच्या दिवस चालणारी गोष्ट, आळीपाळीच्या चालींची लढाई, हळूहळू बळ वाढत जाणारे सोबती. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेममध्ये मारिओ आणि कॉन्ट्रा होते. लांबलचक गोष्ट खेळायची तर कालचा खेळ आज पुढे न्यायची सोय लागते. फायनल फँटसीच्या कॅसेटमध्ये त्यासाठी छोटी बॅटरी होती, तर पहिल्या ड्रॅगन क्वेस्टच्या जपानी आवृत्तीत लांबलचक पासवर्ड लिहून ठेवावा लागे. आपल्या बाजारातल्या ‘इतके इन वन’ कॅसेटमध्ये सहसा यातलं काहीच नसे. भारनियमनात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

इम्युलेटरमुळे ती अडचण सुटली, कारण तिथे हवं त्या क्षणी खेळ जपून ठेवता येतो. फायररेड अवघा सोळा एमबीचा, कुठल्याही मेमरी कार्डात मावणारा. या प्रती विनापरवाना फिरत होत्या, हेही नोंदवायला हवं. पण या जातीच्या खेळाची आमच्या पिढीशी पहिली ओळख झाली ती अशी. म्हणूनच पनवेलचा तिशीतला खेळाडू फायररेडची थोरवी सांगतो, तेव्हा बरेचदा तो या सगळ्या प्रकाराचीच थोरवी सांगत असतो.

३. ज्याची आपल्याला आठवण येते, तो खेळही कुणाच्या तरी आठवणीतूनच आलेला असतो

माझ्यासाठी हे सगळ्यात मोलाचं. फायररेड हा मुळात १९९६ च्या पोकेमॉन रेड आणि ग्रीन या खेळांचा नवा अवतार. जपानमधल्या मोठ्या मुलांनी तो हातात घेतला तो लहानपण पुन्हा भेटावं म्हणून. आमच्यासाठी तो पहिलाच होता. त्याहून मागे गेलं की मूळ खेळाचे कर्ते सातोशी ताजिरी यांचं बालपण येतं. टोकियोच्या कडेला माचिदा भागात ते वाढले. तळी, शेतं आणि झाडीतून किडे पकडायचा त्यांना नाद होता. शहर पसरत गेलं, तळी बुजली, किडे दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांना तो शोधाचा आनंद परत मिळावा, या इच्छेतून हा खेळ जन्मला, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे.

आता पनवेल आठवा. खांदेश्वर, कामोठे, खारघर या नावांमागे आमच्या आईवडिलांना भाताची खाचरं दिसतात. पहिल्या पावसात बांधावर खेकडे धरायला जाणारे काका-मामा आमच्या घरांत आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली, आणि २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. उंच गवतात पाऊल टाकलं की काहीतरी जिवंत समोर येतं, हा फायररेडचा मूळ आनंद. ज्यांच्या डोळ्यांदेखत गवत गेलं, त्यांना तो खेळ इतका का लागला, हे मला ताजिरींची गोष्ट वाचल्यावर उमगलं. तोवर अनेकांनी मला “माहीत नाही, पण छान वाटायचं” एवढंच सांगितलं होतं. ते मत मी आता अपुरं मानत नाही. सुदैवाने कर्नाळ्याचं अभयारण्य अजून जवळ आहे. लहानपणी पोकेमॉनची यादी पाठ असलेली दोन-तीन मंडळी तिथे आज पक्ष्यांच्या नोंदी करतात, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

४. “आवडला का?” यापेक्षा “कुठे अडकलास?” हा प्रश्न बरा

आवडीच्या प्रश्नाला सगळे एकसारखं उत्तर देतात. अडकण्याचं उत्तर मात्र ज्याचं त्याचं असतं. फायररेडमध्ये सॅफ्रन सिटीच्या वेशीवर पहारेकरी उभे आहेत. त्यांना तहान लागलीय, म्हणून ते कुणाला आत सोडत नाहीत. सेलाडॉन सिटीतल्या एका इमारतीत तळमजल्यावर म्हातारी आजी राहते, ती चहा देते. तो पहारेकऱ्याला दिला की वाट मोकळी. मराठी शाळेतली आमची मुलं इथे आठवडे अडकली, कारण इंग्रजीतली ती दोन वाक्यं बटण दाबदाबून कधीच पुढे गेलेली असत. मग शिकवणीच्या बाकावर कुणाला तरी विचारायचं. कुणी डिक्शनरी काढली, कुणाची ताई मदतीला आली. एका मुलीने मला सांगितलं की इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचायची सवय तिला या पहारेकऱ्यामुळे लागली. खेळाच्या मजकुराबद्दल याहून मोठी पावती काय असणार?

पोकेमॉन गो या मोबाइलवरच्या खेळात २०२३ पासून हिंदी आहे. गोष्टीचा खेळ असेल तर मराठीही हवी, असं मला मनापासून वाटतं.

५. एकट्याने खेळलेल्याचं मत अर्धंच असतं

कडाब्रा या पोकेमॉनचं अलाकझाममध्ये आणि हाँटरचं गेंगारमध्ये रूपांतर दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्याशिवाय होत नाही. खरी यंत्रं एकमेकांना जोडायची, असा तो बेत. आमच्यापैकी बहुतेकांना हे जमलंच नाही, त्यामुळे “शेवटी तेच तेच पोकेमॉन” ही तक्रार इथे फार ऐकू येते. ती खेळाबद्दल कमी आणि आमच्या साधनांबद्दल जास्त सांगते.

६. बारीकशी तक्रारही टाकून देऊ नये

पहिल्या सहा फायनल फँटसी खेळांच्या नव्या आवृत्त्या २०२१ पासून येऊ लागल्या, तेव्हा खेळाडूंनी आरडाओरडा केला तो अक्षरांवरून. जुन्या ठिपकेदार चित्रांत नवं अरुंद, गुळगुळीत वळण विजोड दिसत होतं. बाहेरच्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय? पण २०२३ मध्ये कन्सोलवर तेच खेळ आले, तेव्हा जुन्या धाटणीची अक्षरं निवडायची सोय दिली गेली.  तासन्‌तास ज्याकडे बघायचं, ते अक्षर डोळ्याला सुखद असावं ही मागणी रास्तच आहे.

७. ज्याने तेव्हा खेळलेला नाही, त्याच्याही हातात देऊन बघावा

जुन्या खेळासारखा दिसणारा नवा खेळ आला की आमची मंडळी लगेच भावुक होतात. २०२३ चा सी ऑफ स्टार्स कॅनडातल्या कंपनीने केलेला, पण मनाने १९९५ च्या क्रोनो ट्रिगरचा. त्या जुन्या खेळाचे संगीतकार यासुनोरी मित्सुदा यांनी याच्यासाठीही काही धुना दिल्या. तो खेळलेले ओळखीचे लोक चित्रांवर फिदा आहेत. पात्रांचं बोलणं मात्र पसरट वाटतं, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आणि मला ती पटते. जुन्या कॅसेटमध्ये जागा तुटपुंजी, त्यामुळे वाक्य घासूनपुसूनच आत जायचं. जुनं रूप उचलता येतं, पण हा काटेकोरपणा मुद्दाम अंगी बाणवावा लागतो.

मग फायररेड आम्हाला आवडतो तो केवळ आठवणींमुळे का, हे बघायला मी तो माझ्या शाळकरी भाचीला दिला. चित्रं लहान आणि साधी आहेत, याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. माउंट मूनच्या गुहेत पावलापावलावर येणाऱ्या झुबॅट या पोकेमॉनला ती वैतागली, अगदी आम्ही वैतागायचो तशी. बरेच दिवस बंद ठेवलेला खेळ पुन्हा उघडला की आधी काय काय घडलं ते फायररेड थोडक्यात दाखवतो, हे तिला फार आवडलं. “मावशी, हे सगळ्या गेममध्ये का नसतं?” असं तिने विचारलं. माझ्या वयाच्या कुणीही या सोयीचा कधी उल्लेखही केला नव्हता.

सध्या ती सेरुलियन सिटीत जिम लीडर मिस्टीच्या स्टारमी या पोकेमॉनपुढे अडली आहे. सुरुवातीला तिने चारमँडर निवडला होता आणि तो आगीचा. पाण्याच्या पोकेमॉनपुढे त्याची डाळ शिजत नाही. पुलापलीकडे चोविसाव्या रस्त्यावरच्या गवतात पाण्याला भारी पडणारा ऑडिश मिळतो, तो धर, असं मी सांगितलंय. तिचं म्हणणं, चारमँडरलाच आणखी तयार करीन.