तांबे : आहारात हवे, दुधाच्या भांड्यात नको

तांबे हे शरीरास अत्यल्प प्रमाणात, परंतु नियमितपणे लागणारे खनिज आहे. आहारातील लोहाचा उपयोग करून रक्त तयार होणे, हाडे व रक्तवाहिन्या बळकट राहणे आणि मज्जासंस्थेचे कार्य सुरळीत चालणे यांसाठी ते आवश्यक असते.

तांबे कशातून मिळते?
प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे १ ते २ मिलिग्रॅम असते. तीळ, शेंगदाणे, काजू, डाळी, कडधान्ये, भरड धान्ये व कलेजी यांतून ती सहज भागते. दीर्घकाळ जस्ताच्या अधिक मात्रेच्या गोळ्या घेतल्यास तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षय व पायांना बधिरपणा येऊ शकतो. म्हणून अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

अतिरेक का घातक?
शरीरातील जादा तांबे यकृतामार्फत पित्तावाटे बाहेर पडते. तान्ह्या बाळाच्या यकृताची ही क्षमता अपुरी असते. पितळ हा तांबे व जस्ताचा मिश्रधातू आहे. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात दूध तापवून साठवल्यास तांबे दुधात उतरते व त्यातील प्रथिनांना चिकटून राहते. असे वरचे दूध लहान वयात पाजण्याचा संबंध बालकांच्या एका प्राणघातक यकृतविकाराशी असल्याचे १९८०च्या दशकात पुणे येथील संशोधनातून पुढे आले. अशा भांड्यांचा वापर घटल्यानंतर हा विकार दुर्मीळ झाला आहे.

ही काळजी घ्यावी
• पहिले सहा महिने बाळास केवळ स्तनपान द्यावे.
• बाळाचे दूध वा पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू अथवा साठवू नये. स्टीलचे भांडे वापरावे.
• दही, ताक, लिंबू, चिंच, लोणचे यांसारखे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नयेत. कळकलेले अन्न टाकून द्यावे.
• कल्हई झिजल्यास ती पुन्हा करून घ्यावी.
• निरोगी प्रौढांनी स्वच्छ तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी पिण्यास सामान्यतः हरकत नाही. भांड्यावरील हिरवट थर मात्र घासून काढावा.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?
अशा भांड्यातील पदार्थ खाल्ल्यानंतर मळमळ, उलटी, पोटदुखी वा जुलाब झाल्यास, तसेच बाळाचे पोट फुगल्यास किंवा डोळे पिवळे दिसल्यास विलंब न करता नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे. विल्सन विकार या आनुवंशिक आजारात शरीरात तांबे साठत जाते. घरात असा रुग्ण असल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. वेळीच निदान झाल्यास या आजारावर उपचार उपलब्ध आहेत.