मुदतीचा प्रश्न आणि न्यायाचे मार्ग

बालपणी धर्मगुरूकडून लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती न्यायालयाच्या दारी येते, ती बहुधा प्रौढ झाल्यावरच. धर्मगुरू म्हणजे ईश्वराचा प्रतिनिधी, अशी घरातल्यांची श्रद्धा असते. तेथे लहान मुलाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? या भयाने व लज्जेने मौन वर्षानुवर्षे टिकते. कायद्याची मुदत मात्र मौनासाठी थांबत नाही. म्हणूनच अमेरिकेतील अशा बहुतेक प्रकरणांत 'अत्याचार घडला काय?' या प्रश्नाच्याही आधी 'दावा मुदतीत आहे काय?' हा प्रश्न उभा राहतो.

फौजदारी मार्ग

गुन्हेगारास शिक्षा व्हावी, हा फौजदारी खटल्याचा हेतू. तो सरकार चालवते. पीडित व्यक्ती त्यात साक्षीदार असते. एकदा संपलेली मुदत नवा कायदा करून पुन्हा जिवंत करता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्याचा परिणाम पुढे पेनसिल्व्हेनियात दिसला. तेथील ग्रँड ज्युरीने 2018 च्या अहवालात सहा धर्मप्रांतांतील तीनशेहून अधिक धर्मगुरूंवरील आरोपांची व हजारांहून अधिक बालकांवरील अत्याचारांची नोंद केली. परंतु जवळजवळ सर्व गुन्हे मुदतबाह्य ठरले होते.

दिवाणी मार्ग

दिवाणी दाव्याची गोष्ट निराळी आहे. येथे पीडित व्यक्ती स्वतः वादी असते आणि केवळ अत्याचारी धर्मगुरूलाच नव्हे, तर तक्रारी ठाऊक असूनही त्याला दुसऱ्या चर्चमध्ये बदलून पाठविणाऱ्या धर्मप्रांतालाही जाब विचारू शकते. धर्मप्रांताच्या दप्तरातील कागदपत्रे हा यातील मोठा पुरावा होय. बोस्टनमध्ये 2002 साली न्यायालयाच्या आदेशाने असे कागद खुले झाले. पुढच्याच वर्षी तेथील महाधर्मप्रांताने साडेपाचशेच्या आसपास दावेदारांशी साडेआठ कोटी डॉलरांची तडजोड केली.

दिवाणी दाव्यांची संपलेली मुदत विधिमंडळ काही काळापुरती पुन्हा खुली करू शकते. कॅलिफोर्नियाने 2003 हे संपूर्ण वर्ष अशा दाव्यांसाठी मोकळे ठेवले. त्यातून उद्भवलेल्या दाव्यांपैकी लॉस एंजेलिस महाधर्मप्रांताविरुद्धचे पाचशेहून अधिक दावे 2007 साली 66 कोटी डॉलरांना मिटले. न्यूयॉर्क राज्यात पूर्वी वयाच्या तेविसाव्या वर्षानंतर दावा करता येत नसे. 2019 च्या कायद्याने ही मर्यादा पंचावन्न वर्षांवर नेली. शिवाय मुदतबाह्य झालेल्या दाव्यांना ऑगस्ट 2019 ते ऑगस्ट 2021 अशी दोन वर्षांची संधी मिळाली.

दिवाळखोरीची छाया

तथापि दावा दाखल झाला म्हणजे तो ज्युरीपुढे चालेलच, असे नाही. पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने 2004 साली दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला आणि पुढे अनेक धर्मप्रांत त्याच वाटेने गेले. मेरीलँडचा मुदत रद्द करणारा कायदा 1 ऑक्टोबर 2023 रोजी अंमलात येणार होता. बाल्टिमोरच्या महाधर्मप्रांताने त्याच्या दोनच दिवस आधी असा अर्ज केला. अर्ज होताच धर्मप्रांतावरील खटले स्थगित होतात आणि सर्व पीडितांना ठरावीक तारखेपूर्वी दिवाळखोरी न्यायालयात आपला दावा नोंदवावा लागतो. ती तारीख चुकली, तर भरपाईचा हक्क गमावण्याचा धोका असतो.

न्यायालयाबाहेरची भरपाई

काही धर्मप्रांतांनी स्वतःच भरपाई योजना काढल्या. न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताची योजना 2016 सालची आहे. येथे निर्णय लवकर होतो आणि उलटतपासणीचा त्रास टळतो. पण रक्कम स्वीकारताना पुढे दावा न करण्याचे लिहून द्यावे लागते आणि धर्मप्रांताचे दप्तर बंदच राहते.

मार्ग निवडताना ही देवघेव नीट पाहिली पाहिजे. कोणाला उपचारांसाठी पैसा हवा असतो. कोणाला एवढेच हवे असते की, कोणास काय ठाऊक होते ते उघड व्हावे. लॉस एंजेलिसच्या तडजोडीत धर्मगुरूंची दप्तरे खुली करण्याची अटही होती. ती प्रत्यक्षात 2013 साली खुली झाली. म्हणून पीडित व्यक्तीने प्रथम आपल्या राज्यातील चालू मुदत जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावी आणि मगच कोणत्याही कागदावर सही करावी.