न पाहिलेला वाघ

वर्गातील नकाशा आपण भिंतीवर टांगतो व काम झाले की गुंडाळून ठेवतो. जपानमधील अनेक जुनी चित्रेही अशीच टांगतात. त्यांना ‘काकेमोनो’ म्हणतात.

ओसाकाचे मोरी सोसेन (१७४७–१८२१) माकडांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होते. जपानच्या जंगलात माकडे होती; वाघ मात्र नव्हते. म्हणून क्योतोच्या मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) यांनी कातडे पाहून वाघ रंगवले. काही चित्रकारांनी डोळे मांजराचे पाहून काढले. उजेडात मांजराच्या डोळ्यातील बाहुली उभ्या रेघेसारखी होते. वाघाची गोलच राहते. त्यामुळे त्या वाघांत मांजर डोकावते.

मुलांनो, आपल्या ताडोबाच्या जंगलात आजही वाघ आहेत. ते जपले नाहीत, तर उद्याच्या मुलांनाही कातडे पाहूनच वाघ काढावा लागेल.