औषध परवडते की नाही, हे कसे मोजावे?

लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि काळ सेकंदात मोजतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ‘हे औषध महाग आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजलेले असते? एक गोळी दहा रुपयांना मिळते, एवढ्यावरून ती महाग की स्वस्त हे ठरत नाही. डोके दुखले म्हणून एकदाच घ्यायची असेल, तर दहा रुपये फारसे जाणवणार नाहीत. तीच रक्तदाबासाठी रोज आणि जन्मभर घ्यायची असेल, तर वर्षाला ३,६५० रुपये लागतील. शिवाय हे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न उरतोच.

जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ अ‍ॅक्शन इंटरनॅशनल ही संस्था यांनी मिळून २००३ साली याच्या मोजमापाची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत तीन गोष्टी मोजतात. औषधाची किंमत काय, ते जागेवर मिळते का, आणि घेणाऱ्याला ते परवडते का?

एकक कोणते घ्यावे?

रुपया हे एकक येथे अपुरे पडते. रुपयाची खरेदीशक्ती दरसाल बदलते आणि दुसऱ्या देशात तर चलनच निराळे. म्हणून या पद्धतीत एक दिवसाचे वेतन हे एकक घेतले आहे. तेही सर्वांत कमी वेतनाच्या अकुशल सरकारी कर्मचाऱ्याचे. महिन्याभराच्या औषधासाठी त्याला किती दिवस राबावे लागेल, हे काढायचे. एक दिवस किंवा त्याहून कमी लागला, तर औषध परवडण्याजोगे आहे असे साधारणपणे धरतात.

आपली दहा रुपयांची गोळी घेऊ. महिन्याच्या ३० गोळ्यांचे ३०० रुपये झाले. एका माणसाची रोजची कमाई ६०० रुपये मानू. त्याला हे औषध अर्ध्या दिवसाच्या कमाईत पडेल. दुसऱ्याची रोजची मजुरी २०० रुपये मानू; त्याला दीड दिवस लागेल. गोळी तीच, किंमत तीच, पण माप तिप्पट. घरात असे दोन रुग्ण असले, तर तीन दिवसांची मजुरी औषधातच जाईल. आपल्या देशात असंख्य शेतमजूर सरकारी शिपायापेक्षाही कमी मिळवतात. तेव्हा या पद्धतीने काढलेले उत्तर त्यांच्या दृष्टीने सौम्यच असते, हे ध्यानात ठेवावे.

किमतीची मर्यादा

भारतात ज्या औषधांवाचून चालणारच नाही, त्यांची एक राष्ट्रीय सूची असते. पहिली सूची १९९६ साली झाली; २०२२ च्या सूचीत ३८४ औषधे आहेत. सूचीतील औषधांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. ही संस्था १९९७ साली स्थापन झाली.

२०१३ च्या आदेशाप्रमाणे हा हिशेब सोपा आहे. बाजारात ज्यांचा वाटा निदान एक टक्का आहे, अशा सर्व कंपन्यांची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, तिची सरासरी काढायची आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. समजा, एकाच औषधाची गोळी तीन कंपन्या दुकानदाराला ५, ८ आणि १४ रुपयांना देतात. सरासरी ९ रुपये. १६ टक्के म्हणजे १ रुपया ४४ पैसे. म्हणून कमाल किंमत १०.४४ रुपये. कर त्यावर निराळा.

आता जरा विचार करा. गोळी तयार करायला खर्च किती आला, हा आकडा या हिशेबात कोठेच नाही. २०१३ च्या पूर्वी उत्पादनखर्चावर ठरावीक टक्के मिळवून किंमत काढीत. सरासरीच्या रीतीने १४ रुपयेवाल्याला खाली यावे लागते हे खरे. परंतु सगळ्यांच्याच किमती खर्चाच्या मानाने चढ्या असतील, तर त्यांची सरासरीही चढीच येणार.

कपाटात औषध आहे का?

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळत असेल, तर किंमत शून्य झाली. मग प्रश्न सुटला का? कपाट रिकामे असेल तर नाही. रुग्णाला चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जावे लागते. विजेच्या मंडलात बॅटरी, कळ आणि दिवा एकसर जोडणीत असतात. एका ठिकाणी तार तुटली की दिवा विझतो. येथेही तसेच आहे. म्हणून पाहणी करणाऱ्याने औषध स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तरच ते ‘उपलब्ध’ धरायचे, असा या पद्धतीचा नियम आहे. ५० ठिकाणी पाहिले आणि ३० ठिकाणी सापडले, तर उपलब्धता ६० टक्के.

ही तार जोडून ठेवण्याचा एक चांगला प्रयत्न तमिळनाडूत झाला. तेथे १९९४ साली राज्याने औषधखरेदीसाठी एक महामंडळ स्थापन केले. सर्व सरकारी रुग्णालयांची औषधे एकत्रित निविदा काढून, कंपनीच्या नावाने नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने, ते विकत घेते. मोठी मागणी, निश्चित खप आणि जाहिरातीचा खर्च नाही. त्यामुळे भाव उतरतो. आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मगच औषधे जिल्ह्याच्या गोदामातून रुग्णालयांना दिली जातात. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे एक पासबुक असते. वर्षाची रक्कम त्यात जमा असते आणि औषधे उचलली की तेवढी वजा होते. कोठे काय खपते आणि कोठे साठा संपत आला, हे त्यामुळे वेळीच कळते. राजस्थानने २०११ साली मोफत औषधांची योजना सुरू केली, तेव्हा याच पद्धतीचा कित्ता गिरवला.

सोडवून पाहा

एका औषधाची गोळी तीन कंपन्या दुकानदाराला ६, ९ आणि १५ रुपयांना देतात. (१) तिची कमाल किंमत किती? (२) रोज दोन गोळ्या लागतात आणि रुग्णाची मजुरी दिवसाला २५० रुपये आहे. कमाल किमतीने घेतल्यास ३० दिवसांचे औषध किती दिवसांच्या मजुरीचे? (३) हेच औषध सरकारी दवाखान्यांत मोफत आहे. पण ४० दवाखान्यांपैकी २६ ठिकाणीच सापडले. उपलब्धता किती?

उत्तरे : (१) कर सोडून ११.६० रुपये. (२) ६९६ रुपये, म्हणजे सुमारे २.८ दिवस. (३) ६५ टक्के. उरलेल्या १४ दवाखान्यांशी आलेल्या रुग्णाला मात्र ‘मोफत’ औषधासाठी दर महिन्याला जवळजवळ तीन दिवसांची मजुरी मोजावी लागेल.