ओल्या लॉनवर मशीन घालू नका

सध्या पुणे-नाशिक पट्ट्यातून येणाऱ्या तक्रारी जवळपास एकाच दुखण्याच्या आहेत. लॉनमध्ये वाटीएवढा तपकिरी डाग दिसतो, दोन-तीन दिवसांत परातीएवढा होतो आणि आठवड्याभरात शेजारच्या डागाला जाऊन भिडतो. फोन करणारा पहिल्याच वाक्यात विचारतो, "साहेब, कोणतं औषध मारू?" मी उलट विचारतो, शेवटचं कटिंग कधी झालं आणि कोणाच्या मशीनने? बहुतेकांना ते माळ्याला विचारावं लागतं.

हा रोग बुरशीचा आहे. मेक्सिकन, सिलेक्शन नंबर वन, साधी हरळी, कोणतंच गवत त्यातून सुटत नाही. भीज पाऊस, रात्रीही 20 अंशांखाली न उतरणारं तापमान आणि दहा-बारा तास ओली राहणारी पानं एवढं जमून आलं की रायझोक्टोनिया ही बुरशी हातपाय पसरते. पाणी साठतं तिथे पिथियम येते. दोन्ही मातीत बारा महिने असतातच, त्यामुळे त्या कुठून आल्या याचा शोध घेत बसू नका. पानाला जखम मिळाली की त्यांना आत शिरणं सोपं जातं आणि एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायला वाहन लागतं. या दोन्ही सोयी आपण कटिंगच्या दिवशी स्वतःच करून देतो.

बोथट पातं पान कापत नाही, फाडतं. कटिंगनंतर दुसऱ्या दिवशी खाली बसून चार पानांची टोकं जवळून पाहा. धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ असतं. बोथट पात्याखालून गेलेल्या टोकाला पांढुरके धागे सुटलेले दिसतात आणि दोन दिवसांत ते तपकिरी पडतं. दुरून सगळं लॉन करपल्यासारखं वाटतं. असं लॉन पावसात रात्रभर भिजलं, तर बुरशीला वेगळं आमंत्रण द्यायला नको. त्यात ओलं गवत कापलं की त्याचा लगदा मशीनच्या झाकणाला आतून थापला जातो, चाकांना चिकटतो आणि माळ्याबरोबर पुढच्या बंगल्यात जातो.

बाणेरच्या एका बंगल्यांच्या सोसायटीत हे मी समोर पाहिलं आहे. तिथे सगळ्या अंगणांना मिळून एकच माळी आणि एकच मशीन. चट्टे कोणत्या बंगल्यात कधी दिसले हे रहिवाशांना विचारून लिहून काढलं, तर तो क्रम माळ्याच्या आठवड्याच्या फेरीशी जुळला. दोन अंगणांत तर चट्टे गोल नव्हतेच. मशीन गेलेल्या दिशेने सरळ पट्टे पडले होते. सगळे माळ्यावर खेकसत होते. पण सोसायटीच्या करारात 'महिन्याला चार कटिंग' असं लिहिलेलं, पाऊस असो वा नसो. चार पूर्ण केली नाहीत तर पैसे कापणार. मग तो भरपावसात मशीन ओढणार नाही तर काय करणार? असे करार करणाऱ्या समित्यांनी जून ते सप्टेंबर ही अट काढून टाकावी. पावसाळ्यात कटिंग कधी करायचं ते आकाशाकडे पाहून ठरतं.

औषधाकडे धावण्याआधी चट्टा नीट ओळखा. सकाळी साडेसहाच्या सुमाराला, ऊन यायच्या आत, गुडघे टेकून कडेचं गवत पाहा. चट्ट्याच्या कडेवर पांढरट, कापसासारखी जाळी दिसली आणि पानं बोटांत चोळल्यावर चिकट-तेलकट लागली, तर पिथियमचा संशय घ्या. कोळ्याचं जाळंही दवात असंच चमकतं, पण काडीने उचललं की ते पानावरून सुटून येतं. बुरशी पानाला धरून राहते. रायझोक्टोनियाच्या चट्ट्याच्या कडेला सकाळी काळपट, धुरकट कडं दिसतं आणि ऊन चढलं की ते नाहीसं होतं. रुपयाच्या नाण्याएवढे, फिकट, वेगवेगळे ठिपके असतील तर तो निराळा रोग आहे. तो अनेकदा उपाशी लॉनवर येतो. मध्ये करपलेलं आणि भोवती गडद हिरवं कडं, हा घरच्या कुत्र्याचा पराक्रम. साळुंक्या एकाच जागी टोचा मारत असतील तर वाटीभर साबणाचं पाणी बादलीत कालवून त्या जागी ओता. लष्करी अळी असेल तर काही मिनिटांत वर येते. हिरवळ गालिच्यासारखी उचलून हातात आली तर खाली हुमणी शोधा.

नाशिकच्या एका गृहस्थांनी तीन बुरशीनाशकं मारून झाल्यावर मला बोलावलं होतं. चट्टा एकच, कुंपणाजवळ, दर वर्षी त्याच जागी. माळी मशीनमध्ये पेट्रोल तिथेच उभा राहून भरायचा आणि नरसाळं वापरायचा नाही. पेट्रोल लॉनबाहेर, फरशीवर भरायचं, एवढाच त्यावर उपाय.

आता घरगुती उपायांबद्दल. चट्ट्यांवर मीठ टाकलेलं पाहिलं, चुना भुरभुरलेला पाहिला, हळद पाहिली, ताकही पाहिलं. मिठाने गवत मरतं. चुन्याने आपल्याकडच्या आधीच चुनखडीच्या जमिनीत भर पडते. बाकीच्यांनी चट्टा बरा होत नाही, फक्त घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि मधले आठ दिवस वाया जातात. सगळ्यांत घातक लाड युरियाचा. लॉन पिवळं पडलं की मूठभर युरिया फेकायचा, ही सवय भर पावसाळ्यात रोगाला खतपाणी घालते. नत्राने पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला अशीच पानं हवी असतात. चट्टे थांबेपर्यंत युरिया बंद, शेणखताचा थर बंद, आणि संध्याकाळी पाणी देणं तर बंदच. टायमर लावलेले तुषार पावसातही चालू असतात, ते आधी बंद करा.

बाविस्टिनबद्दल दोन शब्द. दुकानदार ते देतो, माळी मारतो, मालक निश्चिंत होतो. त्यातलं कार्बेन्डाझिम रायझोक्टोनियावर काही प्रमाणात चालतं, पिथियमवर त्याचा काडीचा उपयोग नाही. पिथियमसाठी मेटॅलॅक्झिलच्या गटातली औषधं लागतात. म्हणून ओळख आधी, खरेदी नंतर. परवानाधारक दुकानातून पक्क्या पावतीने घ्या, मात्रा लेबलवर असेल तेवढीच, आणि पानं कोरडी असताना, पुढे काही तास उघडीप दिसत असेल तरच फवारा. फवारलेल्या लॉनमधली हरळी गणपतीच्या दूर्वांसाठी खुडू नका. मुलांना आणि कुत्र्यालाही त्यावर सोडू नका.

कटिंगचा नियम सोपा आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. एरवी इंचभर ठेवत असाल तर पावसाळ्यात दीड-दोन इंच ठेवा. चार दिवस उघडीप नसेल तर गवत वाढू द्या, काही बिघडत नाही. पुढे उघडीप मिळाली की पहिल्यांदा शेंडे, तीन-चार दिवसांनी आणखी थोडं, असं टप्प्याटप्प्याने खाली आणा. पाहुणे यायचे म्हणून वीतभर गवत एका दमात जमिनीलगत कापलं की खालचे पिवळे देठ उघडे पडतात आणि मग पुन्हा तोच युरिया येतो. कटिंगची वेळ अकरानंतर, पानं सुकल्यावर. पाय टेकवला आणि ठशात पाणी आलं तर मशीन परत ठेवा. एरवी कापलेलं गवत लॉनवरच राहू दिलं तर चांगलं, त्यातून नत्र परत मिळतं. चट्टे असताना मात्र पिशवी लावून सगळं गोळा करा आणि लॉनपासून लांब टाका. आधी निरोगी भाग कापा, चट्टे शेवटी. मग मशीनचं इंजिन बंद करून प्लगची टोपी काढा, झाकणाखालचा लगदा खरवडा, पाण्याने धुवा आणि पात्यावर, चाकांवर स्पिरिट फवारा. बाहेरचा माळी स्वतःचं मशीन आणत असेल तर हे फाटकातच, तुमच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

मशीन कोणतं घ्यावं, हा प्रश्न उरतोच. पाच-सातशे चौरस फुटांचं, सपाट अंगण असेल आणि दर आठवड्याला कापायची शिस्त असेल, तर हाताने ढकलायचं सिलिंडरचं मशीन सगळ्यांत उत्तम. ते कात्रीसारखं कापतं, पानाला इजा कमी होते. कागदाची पट्टी पात्यांत धरून सिलिंडर हाताने फिरवा. स्वच्छ कापली गेली तर धार आहे, दुमडली तर नाही. पण गवत उंच झालं की ते अडतं आणि वाढलेल्या मेक्सिकनमध्ये ते ढकलताना घाम निघतो. उंचसखल जागा आणि पावसाळी वाढ यांना रोटरी मशीन बरं. त्यातही उंची एका दांड्याने बदलता येते का आणि गवताची पिशवी येते का, ते पाहून घ्या. वायरचं विजेचं मशीन पावसाळ्यात नकोच. वापरायचंच असेल तर 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच लावलेल्या जोडणीवर आणि कोरड्या दिवशी. लहान बंगल्याला बॅटरीचं पुरतं. सोसायटीला अठरा-वीस इंची पेट्रोल मशीन लागतं, पण ते सोसायटीने स्वतःचं घ्यावं, फिरतं नको. बांधावरचं गवत कापायचा ब्रश कटर लॉनवर चालवणाऱ्यांना काय म्हणावं? त्याची नायलॉनची दोरी पानं झोडपते आणि उंची तर दर हाताला बदलते.

दोन पाती घेऊन ठेवा, एक मशीनवर, एक धारेला दिलेलं. धार लावून आलेलं पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून पाहा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं आणखी घासायला परत पाठवा, नाहीतर मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. आणि ओल्या उतारावर चपला घालून मशीन चालवणारा माळी दिसला तर त्याला आधी थांबवा. बूट मालकाने घेऊन द्यावेत, त्यासाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.