विक्रीव्यवहारांच्या नोंदी : टप्पा, खूण आणि चाळणी

ग्रंथालयातील पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. परंतु त्याचे सूचीपत्र एकच असावे असे बंधन नाही. लेखकाच्या नावाचे एक पत्र, विषयाचे दुसरे, ग्रंथमालेचे तिसरे, अशी अनेक पत्रे एकाच पुस्तकाकडे बोट दाखवितात. एकाच विषयाला अनेक पैलू असतात, हे ध्यानी घेऊन एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रास येथे आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. विक्रीव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालींत टप्पा आणि खूण यांमध्ये जो भेद करतात, तो फळी आणि सूचीपत्र यांच्यातील भेदासारखाच आहे.

बेल्जियममध्ये २००५ साली सुरू झालेली व २०१४ पासून ओडू या नावाने ओळखली जाणारी प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तीत नवा, पात्र, प्रस्ताव आणि जिंकलेला असे चार टप्पे आरंभीच दिलेले असतात. पडद्यावर प्रत्येक टप्प्याचा एक स्तंभ दिसतो व प्रत्येक व्यवहार पत्त्याच्या रूपाने कोणत्या तरी एकाच स्तंभात असतो. खुणा मात्र एका व्यवहाराला हव्या तितक्या जोडता येतात.

टप्पा ठरविताना विक्रेत्याची आशा हे प्रमाण मानू नये. गिऱ्हाइकाने केलेली कृती हेच प्रमाण मानावे. “गिऱ्हाईक अनुकूल वाटते” हा टप्पा नव्हे, कारण दोन विक्रेते त्याचा अर्थ दोन प्रकारे लावतील. “गिऱ्हाइकाने लेखी दरपत्रक मागितले” हा टप्पा होय; ते पत्र दाखविता येते. हा नियम पाळला नाही, तर महिनाअखेरीस प्रस्तावाच्या स्तंभात मोठी रक्कम दिसते, तिच्या भरवशावर कच्चा माल मागविला जातो, आणि मागणी मात्र येत नाही.

याहून अधिक आढळणारा दोष म्हणजे टप्प्याचे काम खुणेकडून करून घेणे. एखादा कारकून व्यवहाराला “प्रस्ताव पाठविला” अशी खूण जोडतो. पुढे तो व्यवहार जिंकला जातो, पत्ता शेवटच्या स्तंभात सरकतो, पण खूण जागच्या जागी राहते. त्यानंतर “प्रस्ताव पाठविला” या खुणेने शोध घेतल्यास पूर्ण झालेले व्यवहारही अनिर्णित म्हणून पुढे येतात. जे बदलत जाते ते टप्प्यात लिहावे. व्यवहाराच्या अंगी जे टिकून राहते, जसे मालाचा प्रकार किंवा गिऱ्हाइकाचा धंदा, ते खुणेने सांगावे.

आता चाळणीचा विचार करू. समजा, पंप बनविणाऱ्या एका कारखान्याकडे २० व्यवहार चालू आहेत. त्यांपैकी १२ वर “सौरपंप” ही खूण आहे, ९ वर “देखभाल करार”, आणि ४ वर दोन्ही आहेत. ज्या गिऱ्हाइकांना सौरपंप आणि देखभाल दोन्ही हवे, त्यांच्याकडे कारागीर पाठवावयाचा आहे. व्यवस्थापक शोधपट्टीत खुणांच्या रकान्यासाठी एकापाठोपाठ एक दोन्ही नावे भरतो आणि त्याला १७ व्यवहारांची यादी मिळते! ओडूमध्ये एकाच रकान्यासाठी दिलेली दोन मूल्ये “किंवा” या अव्ययाने जोडली जातात; १२ आणि ९ यांच्या बेरजेतून दोनदा मोजलेले ४ वजा केले की १७ उरतात. निरनिराळ्या रकान्यांच्या अटी मात्र “आणि” ने जोडल्या जातात. म्हणून “प्रस्ताव” हा टप्पा व “सौरपंप” ही खूण एकत्र दिल्यास अपेक्षित यादीच मिळते. दोन्ही खुणा असलेले चारच व्यवहार हवे असतील, तर स्वतंत्र चाळणी रचून तीत सर्व अटी पूर्ण व्हाव्यात असे सांगावे लागते. अन्यथा कारागिराच्या तेरा फेऱ्या फुकट जातात.

गमावलेल्या व्यवहारांचे स्थान या प्रणालीत जरा चमत्कारिक आहे. त्यांना स्तंभ नाही. गमावल्याची नोंद होताच ते दप्तरात बंद होतात व नेहमीच्या दृश्यातून नाहीसे होतात. वर्षभरात ८ व्यवहार जिंकले आणि १२ गमावले, तर यशाचे प्रमाण शेकडा ४० येते. परंतु चाळणीत “गमावलेले” हा पर्याय घेतला नाही, तर मालकाला निकाल लागलेल्यांपैकी ते आठच दिसतात. पडद्यावर पराभव दिसत नाही म्हणून समाधान मानणारे मालक विरळा नसावेत. एस्टोनियात २०१० साली स्थापन झालेल्या पाइपड्राइव्ह या प्रणालीत निराळी सोय आहे. तीत ठरविलेल्या दिवसांत हालचाल न झालेला व्यवहार लाल दिसतो.

खुणांच्या शुद्धतेला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या आवृत्तीपासून ओडू मागील जिंकलेल्या व गमावलेल्या व्यवहारांवरून चालू व्यवहाराच्या यशाची संभाव्यता काढते. या गणिताचे मूळ थॉमस बेझ यांच्या, त्यांच्या निधनानंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. टप्पा या गणितात असतोच. खुणाही त्यात घेता येतात. मग “सौरपंप”, “सौर पंप” आणि “सोलर” अशा तीन खुणा प्रचारात असल्यास यंत्र त्यांना तीन वेगळ्या गोष्टी समजते. बारा व्यवहारांचा पुरावा चार-चारच्या तीन तुकड्यांत विभागला जातो, आणि इतक्या थोड्या नोंदींवरून निघालेली टक्केवारी एका व्यवहाराच्या निकालानेही बरीच हलते. अशा वेळी तिन्ही खुणा एकीत मिळवून घ्याव्यात, आणि नवी खूण निर्माण करण्याचे काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे.